मुंबई विद्यापीठातील हिब्रू आणि तिचे मराठी गुरुजन



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. विद्यापीठातील यहुदी विद्येचे अध्यापक म्हटले की आपले मन लगेच समुद्रापार जाते. जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ १९२५ साली सुरू झाले. अमेरिकेत त्याच वर्षी हार्वर्डमध्ये हॅरी वुल्फसन यांच्यासाठी आणि १९३० मध्ये कोलंबिया विद्यापीठात सालो बॅरन यांच्यासाठी या विद्येची अध्यासने निर्माण झाली. इतिहासाच्या पुस्तकांतून या विद्येचा विद्यापीठीय प्रवास साधारणपणे असाच सांगितला जातो. परंतु त्यापूर्वी अर्ध्या शतकाहून अधिक काळ, आपल्या मुंबई विद्यापीठाच्या हिब्रूच्या उत्तरपत्रिका एक यहुदी शिक्षक तपासत होता. त्याची मातृभाषा मराठी होती, आडनाव राजपूरकर होते आणि तो महाविद्यालयातील प्राध्यापक नव्हता, शाळेचा हेडमास्तर होता. या गृहस्थाविषयी, त्याच्या पूर्वसूरींविषयी आणि त्याच्यामागून आलेल्या शिक्षकांविषयी मला आज बोलावयाचे आहे. एका शाळेच्या व्यासपीठावर, एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाला हा विषय अनुचित ठरू नये.

इंदूरकर श्रोत्यांना बेने इस्रायलांचा परिचय थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेला हा समाज. तेल गाळणे हा त्यांचा जुना व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. फुटलेल्या गलबतातून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून आपली उत्पत्ती झाली, अशी त्यांची परंपरा. आडनावे गावांवरून पडलेली: केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. पुरुषांची नावे मूळची बायबलातील; पण कोकणच्या जिभेवर शमुएलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला, मोशेचा मुसाजी झाला. पुढे मुंबई लष्कराच्या पलटणींतून या समाजातील अनेकजण सुभेदार, सुभेदार-मेजर या पदांपर्यंत चढले. आपली शेजारची महूची छावणी त्याच मुंबई लष्कराकडे होती, हे येथे सहज आठवते.

या समाजाची धर्मविद्या एके काळी किती उरली होती? ग्रंथ नव्हते, हिब्रू वाचता येत नव्हती. 'शमा' या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द तेवढे मुखी राहिले होते. शब्बाथ, सुंता, काही उपवास आणि माशांविषयीचा नियम पाळला जाई. सणांची नावे मात्र अस्सल मराठी झाली होती. नववर्षाचा तो नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा तो दारफाळणीचा सण; शिवाय खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन कोकणात बिरड्याच्या नावाने ओळखला जावा, यात काहींना विस्मृती दिसेल. मला तर त्यात टिकून राहण्याची जिद्द दिसते. ग्रंथ हरवल्यावर पंचांग स्वयंपाकघरात सांभाळले गेले, आणि ते सांभाळणाऱ्या अर्थातच स्त्रिया होत्या.

स्त्रियांचा उल्लेख केवळ सौजन्यापोटी केलेला नाही. समाजाच्या परंपरेनुसार पहिला गुरू दाविद रहाबी. तो कोकणात आला तेव्हा हे लोक खरोखर यहुदी आहेत काय, याची परीक्षा त्याने स्त्रियांकडूनच घेतली. त्याने त्यांना वेगवेगळ्या जातींचे मासे रांधावयास दिले. त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे वेगळे काढले आणि हे आम्ही खात नाही असे सांगितले. मोशेच्या नियमशास्त्रात हाच नियम आहे. परीक्षा पुरी झाली. मग त्याने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील तरुणांना हिब्रू आणि धर्मविधी शिकविले. त्यांचे वंशज काजी म्हणून गावोगाव विधी चालवू लागले. रहाबी कधी आला याविषयी मतभेद आहेत. समाजाची परंपरा त्याला अनेक शतके मागे नेते, तर आधुनिक अभ्यासक त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. हे घराणे डच कंपनीशी व्यापार करणारे होते. काळ कोणताही धरला तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी: या आठवणीत प्रथम परीक्षा आहे आणि मागाहून शिक्षण आहे. त्या तीन घराण्यांत राजपूरकर हे नाव आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. ते समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडून सुटका झाल्यानंतर त्यांनी हे मंदिर उभारले, असे परंपरा सांगते. मंदिर झाले, पण त्यात प्रार्थना चालविणार कोण? त्यासाठी कोचीनचे यहुदी आले. शलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव समाजाने विशेष आदराने जपले आहे. पुढे येमेन आणि बगदादकडील विद्वानांचीही भर पडली. या मंडळींचे शिक्षण मौखिक होते. उच्चार, चाली, विधी हे सारे गुरुमुखातून चाले. आपल्याकडील वेदपाठशाळेशी त्याचे साम्य आहे. पाठ पक्का होई, अर्थ राहून जाई.

अर्थ आला तो अनपेक्षित दिशेने. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८१३ साली मुंबईत आले. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी शाळा काढल्या, बायबलाचे भाग मराठीत छापले. बेने इस्रायलांची मुले त्या शाळांत गेली, तरुण तेथे शिक्षक झाले. आपल्या पूर्वजांच्या कथा, अब्राहाम, योसेफ, मोशे, त्यांनी प्रथमच आपल्या भाषेत सलगपणे वाचल्या. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन मुंबईत आले. त्यांनी १८३२ साली बेने इस्रायलांच्या उपयोगासाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांनी सुरू केलेली शाळा पुढे विल्सन कॉलेज झाली. आपल्या इंदुरात कॅनेडियन मिशनने १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेजचा आरंभ केला, त्यामुळे मिशनच्या वर्गात शिकणे म्हणजे काय हे येथील जुन्या घराण्यांना समजावून सांगावयास नको.

विल्सन यांचा हेतू धर्मांतराचा होता. तो त्यांनी कधी लपविला नाही. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतील पारशी मुलांच्या धर्मांतरावरून मुंबईत मोठा गहजब झाला. बेने इस्रायलांपैकी मात्र फारच थोडे ख्रिस्ती झाले. उलट झाले असे, की पाद्र्यांनी दिलेल्या व्याकरणाच्या बळावर हा समाज आपल्याच धर्माकडे अधिक जाणतेपणाने वळला. हा इतिहासाचा विनोद खराच; परंतु तेवढ्यावरून पाद्र्यांचे ऋण नाकारणे मला प्रशस्त वाटत नाही. समाजाचे पहिले इतिहासकार केहिमकर यांनीही ते नाकारले नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली ती संस्था प्रारंभी स्वतः शिकवीत नसे. शिकविणे कॉलेजांनी, परीक्षा विद्यापीठाने, अशी वाटणी होती. म्हणून त्या काळी एखाद्या विषयाची विद्यापीठातील प्रतिष्ठा पाहावयाची तर परीक्षकाकडे पाहावे लागते. अभ्यासग्रंथ कोणते, प्रश्न कोणत्या तऱ्हेचे, उत्तीर्ण कोणाला करावयाचे, या सर्वांवर त्याचा प्रभाव असे. इंग्रजीबरोबर घ्यावयाच्या अभिजात भाषांत संस्कृत, लॅटिन, अरबी, फारसी यांच्यासह हिब्रूला स्थान मिळाले. त्यासाठी विल्सन यांनी खटपट केली होती. १८६८ मध्ये ते विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. परंतु अभ्यासक्रमात विषय घालणे एक आणि त्या विषयाचे विद्यार्थी तयार करणे दुसरे. दुसरे काम शाळेतच होऊ शकते.

ते काम करणारे जोसेफ यहेज्केल राजपूरकर हे १८३४ साली जन्मले. १८५६ मध्ये ते डेव्हिड ससून यांच्या धर्मादाय शाळेत शिक्षक म्हणून लागले, १८६१ मध्ये मुख्याध्यापक झाले आणि पुढे चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. ससून घराणे बगदादकडचे. त्यांची घरची भाषा अरबी, वैभव डोळे दिपविणारे. बगदादी यहुद्यांतील काहीजण कोकणच्या या तेल्यांना आपल्या बरोबरीचे मानावयास तयार नव्हते. त्यांच्या कुलशुद्धीविषयीही शंका काढल्या जात. आणि त्याच बगदाद्यांच्या मुलांना हिब्रू शिकविण्याची जबाबदारी चाळीस वर्षे एका बेने इस्रायली मास्तरांवर होती. राजपूरकरांनी या विसंगतीविषयी कोठे काही लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. वर्गात ज्याचा अधिकार सिद्ध होतो त्याला बाहेर वाद घालण्याची गरज कमी भासत असावी.

१८७१ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. हे वर्ष अर्थपूर्ण आहे. ऑक्सफर्डमध्ये हिब्रूचे राजनियुक्त अध्यासन सोळाव्या शतकापासून होते, पण त्यावर बसत ते ख्रिस्ती धर्मोपदेशक. ज्यांची ती धर्मभाषा, त्या यहुद्यांना तेथे अध्यापकाच्या पदाची वाट बंद होती. धर्माची अट दूर करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने संमत केला तो नेमका १८७१ साली. इकडे त्याच वर्षी मुंबईत एक यहुदी आपल्या धर्मभाषेचा विद्यापीठमान्य परीक्षक झाला होता. मुंबई विद्यापीठ उदार होते आणि ऑक्सफर्ड संकुचित, असा सरळ निष्कर्ष मी काढणार नाही. साम्राज्याच्या सोयी-गैरसोयी त्यात गुंतल्या होत्या. तरी तुलना विचार करावयास लावते.

हिब्रू शिकविणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही थोडे पाहू. बावीस अक्षरे, सर्व व्यंजने. लेखन उजवीकडून डावीकडे. स्वर लिहिले जात नाहीत, शिकणाऱ्यासाठी ते अक्षरांच्या खाली-वर बिंदू-रेषांनी दाखवितात. शब्दांचा पाया तीन व्यंजनांचा धातू. धातू म्हटल्याबरोबर मराठी विद्यार्थ्याला संस्कृत आठवते, आणि ते योग्यच आहे. पण येथे धातूला प्रत्यय केवळ शेवटी लागत नाहीत, तर धातूच्या पोटातील स्वर बदलून नवे शब्द तयार होतात. क-त-ब हा धातू लिहिण्याचा. त्यापासून हिब्रूत 'काताव' म्हणजे त्याने लिहिले, 'मिख्ताव' म्हणजे पत्र. हिब्रूची बहीण अरबी. तिच्यात याच धातूपासून 'किताब' झाला, आणि तो आपण मराठीत वापरतोच. हिब्रू 'मेलेख' म्हणजे राजा. मलिक अंबरातला मलिक आणि आपल्या घराचा मालक त्याच कुळातले. 'हाखाम' म्हणजे ज्ञानी. हकीम आणि हुकूम त्याचे भाऊबंद. निजामशाही-आदिलशाहीच्या कारभाराने मराठीत आणून ठेवलेल्या शब्दांमुळे कोकणातल्या मुलाला हिब्रू ही आपण समजतो तितकी परकी नव्हती. शिक्षकाने फक्त दाखवून द्यावयाचे.

राजपूरकरांचे दुसरे कार्य भाषांतराचे. यहुदी उपासनेतील प्रार्थनाग्रंथ त्यांनी मराठीत आणले. पूर्वीचा पाठ पक्का आणि अर्थ अपक्व, ही स्थिती त्यामुळे पालटली. या कामात ते एकटे नव्हते. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्येच मुंबईत निघाली होती. १८७४ ची पुण्याची हग्गादा तर आवर्जून पाहण्यासारखी. ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली गेली आणि तिच्यातील चित्रांत सणाची भाकर करणाऱ्या स्त्रिया नऊवारीत आहेत. मिसर देशातून सुटकेची कथा, हिब्रू मूळ, मराठी अर्थ, अग्निहोत्र्यांचा छापखाना. एकोणिसाव्या शतकातील पुण्याविषयी आपण पुष्कळ वाचतो, पण हे पान सहसा कोणी उघडत नाही.

१८८० पासून त्यात कीर्तनाची भर पडली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पूर्वजांची आख्याने साकी, दिंडी, आर्यांत बांधून लावली. कीर्तन म्हणजे लोकांचे विद्यापीठ, हे वाक्य आपण फार वेळा ऐकतो. येथे ते अक्षरशः खरे होते. ज्यांनी मॅट्रिकचे तोंड पाहिले नाही त्या स्त्री-पुरुषांपर्यंत अब्राहाम आणि योसेफ पोहोचले ते टाळ आणि पेटीच्या साथीने.

हाईम सामुएल केहिमकर (१८३०–१९०८) हे या मालिकेतील दुसरे मोठे नाव. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनने तिला साहाय्य केले. मराठी आणि इंग्रजीबरोबर हिब्रू तेथे शिकविली जाई. पुढे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या परीक्षेला बसणारे हिब्रूचे विद्यार्थी अशाच शाळांतून येणार होते. केहिमकरांनी आणखी एक काम केले: समाजाचा इतिहास लिहिला. सणांची मराठी नावे, विवाहविधी, घराणी, गावे, सुभेदारांच्या कामगिऱ्या, सारे नोंदविले. १८९७ मध्ये ग्रंथ पुरा झाला. प्रसिद्ध झाला तो चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. तोपर्यंत लेखकाला जाऊन जवळजवळ तीस वर्षे झाली होती. जगातील जो कोणी विद्वान बेने इस्रायलांवर लिहितो त्याला या कारकुनाच्या ग्रंथापासून आरंभ करावा लागतो. त्यांची काही अनुमाने आज टिकत नाहीत, विशेषतः प्राचीन काळाविषयीची. नोंदी मात्र अमोल आहेत.

केहिमकरांच्या शाळेला पुढे लाभलेल्या रिबेका रूबेन (१८८९–१९५७) यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुण्याच्या हुजूरपागेच्या या विद्यार्थिनीने १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. मुलींनी परीक्षेला बसावे की नाही याची चर्चा चालू असण्याच्या त्या काळात ही घटना किती मोठी, हे येथील माजी विद्यार्थिनी जाणतात. विलायतेत शिक्षणशास्त्राचा अभ्यास करून त्या परतल्या आणि १९२२ पासून १९५० पर्यंत त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. समाजाचे वार्षिकही त्यांनी काही वर्षे संपादित केले. माशांची निवड करून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कोकणातील त्या अनाम स्त्रियांपासून येथपर्यंतचे अंतर लक्षात घ्यावे.

आता एक कठीण प्रश्न. मुंबईत त्याच काळात, अगदी त्याच पिढीत, आणखी दोन समाज आपल्या धर्मभाषा नव्या पद्धतीने शिकू लागले होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ चे, राजपूरकरांहून तीन वर्षांनी लहान. त्यांनी शाळेसाठी संस्कृतची पुस्तके लिहिली. खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी १८६१ पासून पारशी तरुणांना अवेस्ता शिकविण्यास आरंभ केला. कामांच्या नावाने १९१६ मध्ये मुंबईत आणि भांडारकरांच्या नावाने १९१७ मध्ये पुण्यात प्राच्यविद्येची संशोधन-मंदिरे उभी राहिली. राजपूरकरांच्या नावाने असे काही उभे राहिले नाही. का?

पैसा नव्हता हे एक उत्तर. बेने इस्रायल समाज लहान आणि मध्यम परिस्थितीचा. ज्यांच्याकडे पैसा होता ते ससून बगदादी आणि त्यांचे लक्ष लवकरच लंडनकडे लागले. परंतु मला दुसरे कारणही दिसते. भांडारकर आणि कामा यांना युरोपीय पंडितांशी बरोबरीने वाद घालावयाचा होता. राजपूरकरांपुढील निकड निराळी होती. त्यांच्या समाजाला आधी प्रार्थना समजावयाची होती. त्यांचे सारे बळ भाषांतरात आणि वर्गात गेले. संशोधनाची पिढी तयार करण्यास ना विद्यार्थी होते ना सवड. याला उणीव म्हणावे, पण दोष म्हणू नये असे मला वाटते.

आणि पुढच्या पिढीची विद्वत्ता दुसरीकडे वळली. मोझेस यहेज्केल विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले; समाजाच्या इतिहासावर त्यांनी पुस्तक लिहिले, पण शिकविले ते शास्त्र. त्यांचे चिरंजीव निस्सीम एझिकेल (१९२४–२००४) मुंबई विद्यापीठात अध्यापक होते, ते इंग्रजी-अमेरिकन साहित्याचे. इंदिरा संतांच्या कविता त्यांनी वृंदा नाबर यांच्यासमवेत इंग्रजीत नेल्या. तीन पिढ्यांपूर्वी हिब्रूतून मराठीत चाललेली वाहतूक आता मराठीतून इंग्रजीत होऊ लागली होती.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि समाजाचा मोठा भाग हळूहळू तिकडे गेला. तेथे त्यांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले. तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाह-घटस्फोटांच्या परंपरेविषयी शंका उपस्थित केल्या. उपोषणे झाली, निदर्शने झाली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे निःसंदिग्धपणे जाहीर केले. दाविद रहाबीने माशांवरून घेतलेली परीक्षा त्या मानाने सोपी होती आणि लवकर आटोपली होती, असे म्हणावेसे वाटते.

इस्रायलमध्ये हिब्रू ही बाजाराची, बसची, सैन्याची भाषा आहे. बेने इस्रायलांच्या नातवंडांना ती शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती मराठी. तेथील मंडळींनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. राजपूरकरांची प्रार्थनापुस्तके ज्या घरांत आहेत तेथे पारडे उलटले आहे: मूळ पाठ आता सर्वांना वाचता येतो, समजावून सांगावा लागतो तो शेजारचा मराठी अर्थ. आजोबांनी समासात पेन्सिलीने लिहिलेले बाळबोध शब्द वाचण्यासाठी कोणीतरी वडीलधारे शोधावे लागते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांत जुन्या पोथ्यांतली मोडी टिपणे घेऊन बसलेली मुले आपण पाहिली आहेत. त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

मुंबईत भायखळा-माझगाव भागात यहुदी समाजाने काढलेल्या शाळा आजही भरतात. त्यांत आता बहुसंख्य मुले मुसलमान वस्तीतील आहेत. यांपैकी कित्येकांच्या दप्तरात उजवीकडून डावीकडे लिहिलेले एखादे उर्दू किंवा अरबी पुस्तक असतेच, आणि त्यावर नाव असते: किताब.